‘विमा कशाला, आरडी काढा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

कुत्रं किंवा मांजर पाळणाऱ्या माणसानं विम्याचं नाव काढलं की एक उत्तर हमखास मिळतं. ‘विमा कसला काढतोस? तेवढेच पैसे दरमहा आरडीत टाक. आजारपण आलं तर कामाला येतील, नाही आलं तर तुझेच आहेत.’ सकाळी फिरायला येणारे मित्र हे सांगतात, पैशांचं नियोजन शिकवणारे सांगतात, कधीकधी पशुवैद्यसुद्धा सांगतात. ऐकायला ते इतकं शहाणपणाचं वाटतं की समोरचा पुढे काही विचारतच नाही. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि विमा कंपन्यांविषयीचा त्यांचा संशयही निराधार नसतो. तरीही हा सल्ला चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे हे नीट मांडलं, की पॉलिसी निवडायची कशी तेही बरंचसं त्यातूनच कळतं.

आधी हिशेब करू. समजा, विम्याचा हप्ता वर्षाला सहा हजार रुपये आहे. म्हणजे आरडीत, बँकेतल्या आवर्ती ठेवीत, दरमहा ५०० रुपये. तीन महिन्यांचं पिल्लू घरी आलं त्याच महिन्यात आरडी सुरू झाली. पाच महिन्यांनी त्यानं गच्चीच्या कठड्यावरून उडी मारली आणि मागच्या पायाचं हाड मोडलं. आरडीत तोवर अडीच हजार जमलेत. भूल, एक्स-रे, प्लेट आणि स्क्रू बसवण्याची शस्त्रक्रिया, त्यानंतरचे ड्रेसिंगचे आठवडे, असं सगळं धरलं तर मुंबई-पुण्यात हे बिल दहा हजारांच्या कितीतरी पुढे जातं. आरडीचा युक्तिवाद गृहीत धरतो की जनावर म्हातारं होईपर्यंत थांबेल आणि मग आजारी पडेल. पण पायमोजा, चेंडू किंवा मक्याच्या कणसाचा दांडा गिळून आतडं अडकवून घेण्याचं वय पहिलं-दुसरं वर्ष आहे. गाडीखाली येण्याचा धोका तरुण, ताकदीच्या, पट्टा हिसडून पळणाऱ्या कुत्र्याला जास्त असतो. नसबंदी न झालेल्या मादीला गर्भाशयात पू होण्याचा आजार मधल्या वयातही गाठतो आणि तेव्हा ऑपरेशनला एक-दोन दिवसांचीच सवड असते. आरडी वेळेच्या भरवशावर चालते. इथे नेमकी वेळच मिळत नाही.

दुसरं असं, की आरडीत फक्त एका घराचे पैसे असतात. विम्यात हजारो घरांचे असतात, आणि त्यांतल्या ज्या थोड्यांवर मोठी वेळ येते त्यांच्याकडे ते वळतात. दहा वर्षं हप्ते भरूनही एकदाही दावा केला नाही म्हणून पैसे फुकट गेले, असं म्हणणाऱ्याला विचारावंसं वाटतं, की घराला आग लागली नाही याचंही दुःख करायचं का?

हा प्रश्न आजच इतका तातडीचा का झाला, तेही सांगायला हवं. एक काळ असा होता की गावात किंवा शहरातही कुत्र्याला मोठा आजार झाला तर ‘आता काही करता येणार नाही’ हेच उत्तर असायचं, आणि त्या उत्तरात कुणाचा दोष नसायचा. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे, पण सीटी स्कॅन, मणक्याची शस्त्रक्रिया, रक्त चढवणं, अतिदक्षता विभाग या गोष्टी पाळीव प्राण्यांसाठी सर्रास उपलब्ध होणं अगदी अलीकडचं आहे. २०२४मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं पाच मजली स्मॉल अॅनिमल हॉस्पिटल उघडलं. पुण्यात, नाशकात, नागपुरातही खासगी दवाखाने वाढलेत. म्हणजे जिथे पूर्वी ‘करता येणार नाही’ असायचं तिथे आता ‘करता येईल, पण एवढा खर्च येईल’ असं असतं. त्या वाक्यानंतर घरातली माणसं एकमेकांकडे बघतात. कुणी दागिन्याचा विचार करतं, कुणी भावाला फोन लावतं. काही जण जनावराला घरी घेऊन जातात आणि वाट बघतात. काही जण रात्रीच्या वेळी प्राण्यांच्या निवाऱ्याच्या फाटकाला बांधून निघून जातात. अशी माणसं निर्दय असतात असं मला वाटत नाही. त्या दिवशी त्यांच्याकडे पैसे नसतात, एवढंच. विमा असतो तो त्या एका दिवसासाठी.

हे मान्य केलं की पॉलिसी निवडण्याची पहिली कसोटी हातात येते. ज्या बिलानं घर हलेल त्या बिलासाठी विमा घ्यायचा. जंतांची औषधं, वार्षिक लसी, गोचीड न लागू देणारी गोळी, नखं कापणं, कान साफ करणं हे खर्च दरवर्षी येणारच आहेत. त्यांच्यासाठी आरडीच चांगली, तिथे मी आरडीवाल्यांच्या बाजूनं उभा आहे. म्हणून एखादी पॉलिसी ‘मोफत लसीकरण’, ‘ग्रूमिंगची कूपनं’, ‘ओपीडी खर्च समाविष्ट’ असं मोठ्या अक्षरांत सांगत असेल आणि शस्त्रक्रियेची मर्यादा आतल्या पानावर ठेवत असेल, तर ती बाजूला ठेवावी. ओपीडीचं जोडकलम बहुतेक वेळा आपलेच पैसे आधी घेऊन नंतर थोडे कमी करून परत देतं. तोच जादा हप्ता शस्त्रक्रिया आणि भरतीच्या खर्चाची रक्कम वाढवण्यात घालावा.

आता आक्षेपातला खरा धारदार भाग. ‘कंपन्या वेळ आली की पैसे देत नाहीत.’ हे ऐकून सोडून देण्यासारखं नाही. दावे नाकारले जातात, आणि पाळीव प्राण्यांच्या विम्यात नाकारण्याला वाव जास्त आहे. पण का जास्त आहे, हे आक्षेप घेणारे सांगत नाहीत. कारण असं, की भारतात कुत्र्या-मांजराचा विमा कायद्याच्या दृष्टीनं आरोग्य विमाच नाही. तो सर्वसाधारण विम्याच्या इतर प्रकारांत मोडतो. माणसाच्या आरोग्य विम्यात विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, पूर्वीपासून असलेल्या आजाराची व्याख्या ठरवून दिली आहे. २०२४च्या नियमांनी त्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणला, आणि सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय ‘तुम्ही आजार लपवला होता’ असं म्हणून दावा नाकारता येत नाही. यातलं काहीही तुमच्या लॅब्रडॉरला लागू नाही. कंपनी बदलताना आधीच्या प्रतीक्षा काळाचं श्रेय सोबत नेण्याची माणसाला मिळणारी सोयही इथे गृहीत धरता येत नाही. हप्त्याची करवजावट तर नाहीच, कारण आयकर कायद्यातली आरोग्य विम्याची वजावट स्वतः, जोडीदार, मुलं आणि आईवडील यांच्यापाशी थांबते.

यावरून लोक निष्कर्ष काढतात की मग विमाच नको. मला उलट निष्कर्ष दिसतो. जिथे नियम तुमच्या बाजूनं बोलत नाहीत, तिथे पॉलिसीचा कागदच तुमचा पहिला कायदा असतो, आणि तो कागद सही करण्याआधी वाचावा लागतो. तुलना करायची ती जाहिरातीतल्या हप्त्याची नाही, अपवादांच्या पानाची.

त्या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. यंदा पॉलिसीत असताना झालेला आजार पुढच्या वर्षी नूतनीकरण करताना ‘पूर्वीचा आजार’ ठरणार का? आपल्याकडच्या पॉलिसी सहसा वर्षाच्या मुदतीच्या असतात. मोडलेलं हाड वर्षभरात जुळतं, त्यामुळे तिथे या प्रश्नानं फारसं बिघडत नाही. पण मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, हृदयाच्या झडपेचा विकार, त्वचेची अॅलर्जी, अपस्मार हे आजार एकदा आले की आयुष्यभर सोबत राहतात. पहिल्या वर्षी कंपनीनं पैसे दिले आणि दुसऱ्या वर्षी तोच आजार वगळला, तर तुमच्याकडे उरलेल्या सर्व वर्षांसाठी त्या आजारापुरता विमाच नाही. आणि दुसरी कंपनी तर तो घेणारच नाही.

ब्रिटनमध्ये हा फरक इतका स्पष्ट झाला आहे की तिथे पॉलिसीच त्यावरून ओळखल्या जातात. एका प्रकारात आजार सुरू झाल्यापासून ठरावीक काळापुरते, साधारण बारा महिनेच, पैसे मिळतात. एकात प्रत्येक आजारासाठी एक एकूण रक्कम असते, ती संपली की संपलं. आणि आयुष्यभराच्या म्हणवल्या जाणाऱ्या प्रकारात दरवर्षी नूतनीकरण केलं की रकमेची मर्यादा पुन्हा पूर्ण होते आणि जुना आजारही चालू राहतो. तिचा हप्ता सगळ्यात जास्त असतो आणि त्याला कारण आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं २०१४मध्ये या विम्यासाठी वेगळा कायदा केला. पुढे २०२२मध्ये तिथल्या राज्यांच्या विमा नियामकांच्या संघटनेनं एक नमुना कायदा मंजूर केला. ज्या आजाराला पॉलिसीत संरक्षण दिलं गेलं तो नूतनीकरणात पूर्वीचा आजार मानता येणार नाही, असं त्यात सरळ लिहिलं आहे. आजार पूर्वीचा होता हे सिद्ध करण्याची जबाबदारीही त्यानं कंपनीवर टाकली. आजारासाठीचा प्रतीक्षा काळ ३० दिवसांपेक्षा जास्त नको आणि अपघाताला तो मुळीच नको, हेही त्यात आहे. ही तीन-चार वाक्यं आपल्याकडे का असू नयेत? कुत्र्यांसाठीच्या नव्या धर्तीच्या पॉलिसी भारतात २०२०नंतर ठळकपणे आल्या. बाजार अजून कोवळा आहे. नियम करायला हीच वेळ सोपी असते.

‘सगळ्या पॉलिसी सारख्याच, स्वस्त असेल ती घे’ हा आरडीच्या सल्ल्याचा जुळा भाऊ आहे, आणि तोही तितकाच महाग पडतो. एक उदाहरण मांडतो. बिल झालं ८० हजारांचं. पहिल्या पॉलिसीची विमा रक्कम एक लाख आहे, पण एका आजाराला ४० हजारांची मर्यादा आणि २० टक्के को-पे, म्हणजे आपल्या खिशातून भरायचा वाटा. आधी मर्यादा लावून मग को-पे कापला तर हातात ३२ हजार येतात. आधी को-पे कापून मग मर्यादा लावली तर ४० हजार. कोणता क्रम लागेल हे पॉलिसीत कुठेतरी एका ओळीत लिहिलेलं असतं आणि त्या ओळीची किंमत आठ हजार रुपये आहे. दुसऱ्या पॉलिसीची विमा रक्कम ६० हजारच आहे, पण आजारागणिक मर्यादा नाही आणि को-पे १० टक्के. ती आधी को-पे कापून पूर्ण ६० हजार देते, आणि मर्यादा आधी लावली तरी ५४ हजार. जाहिरातीत ‘एक लाख’ लिहिणारी पॉलिसी कागदावर मोठी दिसते आणि प्रत्यक्षात लाखाच्या निम्म्यालाही पोचत नाही. तुलना करणारी बहुतेक कोष्टकं विमा रक्कम आणि हप्ता एवढेच दोन रकाने दाखवतात, म्हणून ती निरुपयोगी आहेत.

यापेक्षाही खोलवर एक जुना दोष आहे. आपल्याकडे जनावरांचा विमा गुरांपासून सुरू झाला. गाय-म्हैस मेली तर तिच्या बाजारभावाइतकी भरपाई, हा त्याचा गाभा. शेतकऱ्यासाठी तो अगदी योग्य आहे, कारण दुभती म्हैस गेली तर त्याचं उत्पन्न जातं आणि त्याला दुसरी म्हैस आणायची असते. सरकारी विमा कंपन्यांच्या कुत्र्यांसाठीच्या जुन्या पॉलिसी याच साच्यातून निघाल्या. विमा रक्कम कुत्र्याच्या बाजारभावावर आणि पैसे मुख्यतः त्याच्या मृत्यूवर. पण घरातला कुत्रा गेल्यावर त्याची किंमत हातात घेऊन करायचं काय? जो जिवंत आहे त्याला वाचवायला पैसे हवे असतात. शिवाय बाजारभावाचा साचा देशी कुत्र्याला जवळजवळ काहीच देत नाही. रस्त्यावरून उचलून आणलेल्या, गावठी म्हणून हिणवल्या गेलेल्या कुत्र्याचा बाजारभाव शून्य असतो, पण त्याच्या मोडलेल्या पायाची शस्त्रक्रिया जर्मन शेफर्डच्या शस्त्रक्रियेपेक्षा स्वस्तात होत नाही. म्हणून पॉलिसीचा प्रस्ताव हातात आला की बघावं, विमा रक्कम खरेदीच्या पावतीवरून ठरते की उपचाराच्या खर्चाच्या अंदाजावरून? पहिलं असेल तर ती पॉलिसी तुमच्या जनावरासाठी नाही, त्याच्या किमतीसाठी आहे. देशी कुत्र्यांना बरोबरीनं घेणाऱ्या पॉलिसी आता आहेत. ज्या घेत नाहीत त्यांना पाळणाऱ्यांनी पैसे देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग जातीचा आणि जागेचा प्रश्न. पगचा श्वास, लॅब्रडॉर आणि जर्मन शेफर्डचा खुबा, डॅशहुंडचा मणका, पर्शियन मांजराचं मूत्रपिंड. ज्या जातीत जो आजार रक्तातूनच येतो तो ‘जन्मजात व आनुवंशिक’ या शब्दांखाली वगळलेला असेल, तर तुम्ही नेमका तोच आजार सोडून बाकी सगळ्याचा विमा काढलेला असतो. पग पाळणाऱ्यासाठी ही एक ओळ संपूर्ण पॉलिसीपेक्षा महत्त्वाची आहे. आणि आपल्या हवेतला सर्वांत नेहमीचा शत्रू गोचीड. महाराष्ट्रात पशुवैद्याच्या बाकावर बसलेल्या कुणालाही विचारा, गोचीड तापाची गोष्ट निघतेच. प्लेटलेट उतरतात, हिरड्या पांढऱ्या पडतात, रक्त चढवावं लागतं. गोचीड चावून येणाऱ्या आजारांत एर्लिकिया हा जिवाणू आहे, पण बबेसिया हा रक्तातल्या तांबड्या पेशींत वाढणारा परजीवीच आहे. काही पॉलिसींत ‘अंतर्गत व बाह्य परजीवींचे उपचार’ वगळलेले असतात. लिहिणाऱ्याच्या मनात पिसवा आणि जंत असतील, पण दावा तपासणारा तो शब्द बबेसियालाही लावू शकतो. तेव्हा पैसे भरण्याआधी कंपनीला ईमेल करून विचारावं की गोचिडांमुळे होणारे आजार, बबेसिया धरून, समाविष्ट आहेत का. मुंबईत पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोचंही तसंच. लस घेतलेली नसेल तर तो सहसा वगळतात, आणि हे मला न्याय्य वाटतं. पार्वो, डिस्टेंपर, लेप्टोची लस वेळेवर टोचून घेणं ही पाळणाऱ्याची जबाबदारी आहे, ती विमा कंपनीच्या गळ्यात मारता येणार नाही.

‘हे सगळे शहरी चोचले आहेत’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडक्यात. जनावराचा विमा ही शहराची कल्पना नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या कुठल्याही दूध उत्पादकाला ‘टॅग नाही तर दावा नाही’ हा नियम माहीत असतो. जनावराच्या कानातला बारा अंकी बिल्ला हीच त्याची ओळख, तो नसेल तर दावा उभाच राहत नाही. केंद्र सरकारनं २०२४च्या फेब्रुवारीत पशुधन विम्यातला शेतकऱ्याचा हिस्सा १५ टक्क्यांवर आणला, कारण हा विमा किती लागतो हे सरकारलाही कळतं. स्वीडनमध्येही घोड्या-गुरांसाठी सुरू झालेला विमा १९२४मध्ये कुत्र्यापर्यंत पोचला, असं सांगितलं जातं. शहरातल्या माणसानं शेतकऱ्याकडून घेण्यासारखा धडा हाच, की ओळख आधी पक्की करा. तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप कातडीखाली बसवून घ्यावी. काही कंपन्या त्यासाठी हप्त्यात सवलतही देतात. खरं महत्त्व मात्र असं, की ‘हा तोच कुत्रा कशावरून’ हा वाद तिथेच संपतो.

आणखी एक आक्षेप परदेशात राहून आलेले लोक घेतात. विमा आला की डॉक्टर दर वाढवतात, ब्रिटनमध्ये बघा काय झालं! ब्रिटनमध्ये दर वाढले हे खरं आहे. तिथल्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणानं मे २०२४मध्ये पशुवैद्यकीय सेवांची औपचारिक चौकशीच सुरू केली. पण त्याच प्राधिकरणानं हेही दाखवून दिलं, की २०१३मध्ये तिथले सुमारे १० टक्के दवाखाने मोठ्या समूहांच्या मालकीचे होते आणि दहा वर्षांत ते प्रमाण ६० टक्क्यांच्या जवळ पोचलं. गल्लीतला डॉक्टर जाऊन साखळी आली, दरफलक दिसेनासा झाला, दुसरीकडे जायचं तर तोही दवाखाना त्याच मालकाचा. हे सगळं झाकून केवळ विम्याला दोषी धरणं बरोबर नाही. आपल्याला यातून घ्यायचा इशारा वेगळा आहे. दवाखान्यांनी दर आधी सांगावेत आणि बिल तपशीलवार द्यावं, हा आग्रह विमा असो वा नसो, आत्तापासूनच धरायला हवा.

कुणी घेऊ नये, तेही सांगतो. नऊ-दहा वर्षांचा मोठ्या जातीचा कुत्रा, आधीच मूत्रपिंडावर औषधं चालू, अशा जनावरासाठी बहुतेक कंपन्या पॉलिसी देत नाहीत आणि दिली तरी तिच्यात घेण्यासारखं काही उरत नाही. तिथे पैसे बाजूला टाकणं हेच योग्य. विमा तरुण, निरोगी जनावराचा काढायचा असतो आणि त्याच्या केसपेपरवर पहिला आजार लिहिला जाण्याआधी काढायचा असतो.

केसपेपर म्हटलं म्हणून थोडं थांबतो, कारण दावे इथे हरतात. पिल्लाला दवाखान्यात नेलं की आपण डॉक्टरांशी सैल बोलतो. ‘गेले दोन-तीन महिने अधूनमधून लंगडतो’ असं कुणीतरी सहज म्हणतं, डॉक्टर ते लिहून घेतात. प्रत्यक्षात दोन दिवसांपूर्वी उडी मारताना पाय मुरगळलेला असतो आणि दोन महिन्यांपूर्वीचं लंगडणं काट्यामुळे झालेलं असतं. पण कागदावर आता आजार पॉलिसीच्या आधीचा झाला. डॉक्टरांना खोटं लिहायला सांगू नये, कधीच नाही. तो गुन्हाही आहे आणि पुढचे सगळे दावे त्यात बुडतात. पण जे सांगायचं ते तारखेनिशी आणि नेमकं सांगावं. प्रत्येक भेटीचं बिल मागावं. आपल्याकडे छोट्या दवाखान्यात रोख पैसे घेऊन पाठीवर थाप मारून पाठवण्याची पद्धत आहे आणि त्या मायेबद्दल मला आदर आहे, तरी दवाखान्याच्या नावाचं, नोंदणी क्रमांकाचं, औषधांच्या तपशिलाचं बिल घेतल्याशिवाय उठू नये. लसीकरणाच्या पुस्तिकेतला प्रत्येक स्टिकर आणि सही जपावी. नूतनीकरणाची तारीख एक दिवसही चुकवू नये, कारण खंड पडला की सारं पहिल्यापासून सुरू होतं आणि तोवरचे सगळे आजार पूर्वीचे होतात.

इतकं करूनही दावा नाकारला गेला तर गप्प बसू नये. आयआरडीएआयच्या जून २०२४च्या परिपत्रकानं सर्वसाधारण विम्यात दोन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. केवळ कागदपत्रं नाहीत म्हणून दावा फेटाळता येणार नाही, लागणारी कागदपत्रं प्रस्ताव घेतानाच मागितली गेली पाहिजेत. आणि किरकोळ ग्राहक पॉलिसी मध्येच रद्द करू शकतो आणि वर्षाच्या पॉलिसीत दावा केलेला नसेल तर उरलेल्या काळाचा हप्ता परत मागू शकतो. पाळीव प्राण्यांच्या विम्याला आरोग्य विम्याचं कवच नसलं तरी सर्वसाधारण विम्याचं हे कवच आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. नकार लेखी आणि पॉलिसीतल्या कलमाच्या क्रमांकासह मागावा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जावं, मग आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’वर तक्रार नोंदवावी, आणि महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे. लोकपालांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. कुत्र्याच्या बिलासाठी कोण एवढं करणार, असं म्हणून लोक सोडून देतात आणि कंपन्यांना नेमकी त्याचीच सवय लागते.

आणि ज्यांच्याकडे पाळीव प्राण्यांच्या संघटना, पशुवैद्यांच्या परिषदा, ग्राहक पंचायतीची व्यासपीठं आहेत, त्यांनी आरडीचा सल्ला वाटण्याऐवजी नियामकाकडे एक मागणी लावून धरावी. पॉलिसीत असताना झालेला आजार नूतनीकरणात पूर्वीचा मानता येणार नाही, आणि पूर्वीचा होता हे सिद्ध करण्याचं ओझं कंपनीवर राहील, हा नियम भारतात करा. तो होईपर्यंत प्रत्येक पाळणाऱ्यानं हप्ता भरण्याआधी हाच प्रश्न आपल्या कंपनीला ईमेलनं विचारावा, आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ असं लेखी उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नयेत.